कलमांचे राखणदार

(पहाट. कातळावरची बाग. फटाक्याचा आवाज, वानरांची टोळी पळते.)

हापूसच्या बागेतली सकाळ अशी उजाडते. टोळी आली की आधी डबा बडवायचा, मग गलोल, तरी हटली नाही तर फटाका. थंडीत मोहोर, मोहोरावर फवारण्या, कैरी धरली की रात्रीची राखण, आणि मार्चपासून तोडणी. रत्नागिरीच्या कितीतरी बागांत हे सगळं आता नेपाळी माणसांच्या हातात आहे. गावातली तरणी पोरं मुंबईला आहेत. बाग मात्र मुंबईला नेता येत नाही.

(मांगर, म्हणजे बागेतलं राखणदाराचं खोपटं. चूल. फवारणीचा पंप. मुलीची वेणी घालणारी आई.)

यांचं घर अछाम जिल्ह्यात, नेपाळच्या सुदूर पश्चिमेला. डोंगर उतरून बसने महेंद्रनगर, सीमा ओलांडून बनबसा, तिथून दिल्ली. निजामुद्दीनला मंगला एक्सप्रेस धरायची, ती रत्नागिरीला सोडते. 1950च्या भारत-नेपाळ करारामुळे पासपोर्ट लागत नाही. लागतो तो आधी येऊन बसलेला मेव्हणा, नाहीतर गाववाला. पाऊस तोंडावर आला की बरेचजण परततात आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा त्याच मांगरात येतात.

गावात या सगळ्यांना एकच हाक, ‘ए गुरखा’. वर्षानुवर्षं राखण करणाऱ्यालाही.

(शाळेचं पटांगण. संध्याकाळ. सतरंज्या.)

ही बैठक जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंच्या डोक्यातून निघाली. वर्गात नेपाळी मुलं आहेत, अस्खलित मराठी बोलतात. आईबापांनी यायचं आणि इथवर कसे आलो ते सांगायचं. अडलं तर मुलांनी मराठीत सांगायचं. बाईंची अट एवढीच की सांगणाऱ्याचं होईस्तोवर मध्ये कुणी बोलायचं नाही. गावच्या मंडळींना हे फार जड गेलं, दिसतंच आहे.

आता सांगतेय ती आई नेपाळमधल्या जाजरकोटची. 3 नोव्हेंबर 2023च्या रात्री तिकडे भूकंप झाला, दीडशेवर माणसं गेली. ती आठवड्यापूर्वीच इथे पोचली होती. सासू आणि थोरला मुलगा मागे. फोन लागत नव्हता.

(तिचा आवाज. निवेदन थांबते.)

आणि ही पहिल्या रांगेतली काकी. पुढचं कुणी ठरवलेलं नव्हतं. कॅमेरा योगायोगानेच तिच्याकडे वळलेला होता.

“आमचे हे गिरणीत होते. गणपतीत आठ दिस यायचे. मनीऑर्डर यायची, मानूस नाय. पोराला ताप आला की मी एकटी. तुजा मुलगा कसा हाय आता?”

मुलगा सुखरूप आहे.

मनीऑर्डरवर जगलेल्या कोकणाला हे एवढं कळायला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न आम्ही विचारला. सरपंच हसले. बागायतदार म्हणाले, “आमी कवा वायट वागवलं?” वागवलं असेल, नसेलही, विचारलं मात्र नव्हतं.

(बागेत तोडणी. झेल्यातून, काठीला बांधलेल्या जाळीतून, आंबा उतरतो. पेटीत गवत.)

बैठकीनंतर काही घरांतून नावाने हाका सुरू झाल्या, एका मालकाने मांगराला संडास बांधून दिला. मजुरी आहे तेवढीच आहे.

पुढची बैठक बागायतदाराच्याच खळ्यात, शेवटची पेटी रवाना झाल्यावर. मजुरीचा विषय तिथे काढायचा, असं मांगरातल्या बायकांनी ठरवलंय. कोण बोलणार, तेही ठरलंय.