सहा फुटांवरचा माग

[पडद्यावर काळोख. फक्त यंत्रमागाचा आवाज. हळूहळू कौलातल्या काचेतून पडलेला उजेडाचा चौकोन दिसू लागतो.]

हा आवाज वडगावात वाढलेल्या माणसाला ऐकूच येत नाही. तो थांबला की मात्र घरातला प्रत्येक जण मान वर करतो. "करंट गेला वाटतं."

शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. त्यातल्याच एका घराची ही मागची खोली. मी टेप लावून मोजलीय. एका बाजूनं चौदा फूट, दुसऱ्या बाजूनं नऊ. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की मागापाशी उभ्या असलेल्या मामांपर्यंत बरोबर सहा फूट उरतात. आणखी मागं सरकायचं म्हटलं तर भिंत पाडावी लागेल, आणि भिंतीपलीकडं शेजाऱ्यांची म्हैस बांधलेली असते.

मामा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "फोटो काढायला आलायस की घर विकत घ्यायला?"

मामा, फोटोच काढायला आलोय. पण आधी लेन्स ठरू दे.

[टेबलावर कॅमेरा आणि लेन्सेस. कॅमेऱ्याचा काळा रंग कोपऱ्यांवर उडालेला.]

कॅमेरा निकॉन एफएम२. हे मॉडेल १९८२ मध्ये आलं. आत ४०० आयएसओची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी कृष्णधवल फिल्म, ३६ फोटोंची. आणि समोर या पाच लेन्सेस: ५०, ३५, २८, २४ आणि एका मित्राकडून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेली २०. हे आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमधले. आकडा जितका लहान, तितकी लेन्स रुंद, म्हणजे तितकं जास्त चौकटीत मावतं.

फिल्मच्या एका चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर, उंची २४. एवढं माहीत असलं की लेन्स न लावताही हिशेब करता येतो. समोरच्या माणसापर्यंतचं अंतर घ्या, ३६ नं गुणा, फोकल लेंथनं भागा. त्या अंतरावर आडवं किती मावणार ते कळतं. सहा फुटांवर ५० ची लेन्स सव्वाचार फूट घेते. म्हणजे मामा, आणि मागाचा एक तुकडा. ३५ सहा फुटांच्या थोडी वर जाते. २८ पावणेआठ फुटांना जरा कमी. २४ बरोबर नऊ. आणि २० जवळजवळ अकरा फूट.

आता गंमत बघा. २०० ची लेन्स आणि २०४ ची लेन्स यात फरक आहे असं कुणी सांगितलं तर आपण हसू. पण २८ आणि २४ मध्येही चारच मिलिमीटरचं अंतर आहे, आणि तेवढ्यात या खोलीतला सव्वा फूट आत येतो. रुंद लेन्सच्या बाजारात एकेक मिलिमीटर सोन्याच्या भावानं मोजायचा असतो.

[व्ह्यूफाइंडरमधून: ३५ ची चौकट.]

ही ३५. चित्र देखणं आहे, खोटं कशाला बोलू. मामांचा चेहरा, हात, मागाच्या फणीवर पडलेला उजेड. नजरेला ओढाताण जाणवत नाही. म्हणूनच बरेच जण ३५ घेतात आणि जन्मभर तीच वापरतात. आडवा कोन ५४ अंशांचा, म्हणजे एका ठिकाणी उभं राहून आपण जेवढं लक्ष देऊन बघतो साधारण तेवढा.

पण डावीकडे बघा. चौकटीच्या कडेला एक हात दिसतो, बांगड्या घातलेला, आणि अर्धा रहाट. त्या मामी. मामांपासून तीन फुटांवर बसून कांड्या भरतायत, म्हणजे रहाटावर सूत गुंडाळतायत. मामांच्या धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या नळ्यात, जी कांडी बसते ती मामींच्या हातून भरून येते. सकाळपासून किती भरल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. कॅमेरा डावीकडे वळवला तर मामी येतात, पण मागाचा दुसरा भाग जातो. ३५ मध्ये या खोलीत एकाच माणसाला जागा आहे.

[व्ह्यूफाइंडरमधून: २८.]

२८ लावली आणि मामी आत आल्या. रहाटासकट.

[रस्ता. शनिवार खूट, सकाळ.]

बाहेर बाजारात मात्र हिशेब निराळा. शनिवार खूट, गणपत गल्ली, खडे बाजार. इथं जागा आहे, पण वेळ नाही. भाजीवालीनं पालेभाजीवर पाणी मारलं, थेंब उडाले, संपलं. फोकस करत बसलात तर तुमच्या फोटोत फक्त दुचाकी येते. अशा वेळी जुन्या लेन्सवर कोरलेल्या आकड्यांचा उपयोग होतो. २८ वर एफ ८ ठेवा (एफ म्हणजे लेन्समधल्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि अंतराची रिंग सव्वातीन मीटरवर. साधारण १.६ मीटरपासून पार लांबवरचं सगळं ठीकठाक येतं. त्याच एफ ८ ला ३५ ची लेन्स पाच मीटरवर ठेवावी लागते, आणि स्पष्टपणा सुरू होतो अडीच मीटरपासून. गणपत गल्लीत सणासुदीला अडीच मीटर अंतर कुणी ठेवून दाखवावं!

तोटाही आहे. ३५ नं दीड मीटरवरून माणूस जेवढा मोठा दिसतो तेवढाच २८ मध्ये हवा असेल तर १.२ मीटरवर जावं लागतं. म्हणजे एक फूट पुढं. ऐकायला एक फूट. पण अनोळखी माणसाच्या दिशेनं, हातात कॅमेरा धरून तो एक फूट जाऊन बघा. आमच्याकडं समोरचा आधी मराठीत विचारतो, मग कन्नडमध्ये, आणि दोन्हीकडं उत्तर द्यायची तयारी लागते. मी उत्तरादाखल शेजारच्या गाडीवरचा चहा पुढं करतो.

आणि चेहरा कसा दिसणार हे या फुटानंच ठरतं. नाक मोठं आलं तर लोक लेन्सला शिव्या घालतात. पण नाक आणि कान यांचं प्रमाण ठरतं तुम्ही किती जवळ उभे आहात त्यावर. त्याच जागेवरून ५० नं काढलात तरी नाक तसंच येईल, फक्त चौकटीत बाकी काही मावणार नाही.

[रात्र. ट्रॉलीवरचा चित्ररथ, झांजा, गुलाल.]

कडेला जे ताणलं जातं ते प्रकरण वेगळं. ते मी भर मिरवणुकीत शिकलो.

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते आणि रात्रभर चालते. ट्रॉलीवर जिवंत देखावा. मध्ये महाराज, दोन्ही बाजूंना मावळे. गल्ल्या अरुंद, गर्दी छातीला भिडलेली. मी ऐटीत २४ लावली होती. सगळा रथ मावतोय या आनंदात अख्खा रोल संपवला. आठवड्यानं प्रिंट घेऊन मंडळात गेलो. महाराज उत्तम आले होते. पण डावीकडच्या टोकाला उभा मावळा कोहळ्यासारखा आडवा पसरलेला. त्या पोराची आई तिथंच होती. "माझ्या पोराचं तोंड असं हाय?" मी काय बोलणार?

याचं गणित साधं आहे. माणसाचं डोकं गोल धरा. ते चौकटीच्या आडव्या टोकाला गेलं की ३५ च्या लेन्समध्ये साधारण आठव्या हिश्श्यानं लांबतं, २८ मध्ये पाचव्या, २४ मध्ये चौथ्या आणि २० मध्ये तिसऱ्या. आठवा हिस्सा कुणाला कळत नाही. पाचवा कळतो, पण खपतो. चौथा हिस्सा लांबला की आई भांडायला येते. तेव्हापासून २४ असेल तर कडेला मी भिंत, खांब, दार ठेवतो, माणूस ठेवत नाही. त्या रात्रीसाठी आता मी ३५ च नेतो, एफ २ पर्यंत उघडणारी. २८ ची माझी लेन्स एफ २.८ ला थांबते आणि रात्री तो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, महत्त्वाचा असतो.

[घटप्रभा, गोकाकचा धबधबा.]

इथं एक गैरसमज काढून टाकू. निसर्गासाठी रुंद लेन्स, असं जो तो सांगतो. गोकाकला घटप्रभेचं पाणी ५२ मीटर खाली कोसळतं. उभं राहिलं की छातीत धडधडतं. मी २८ नं फोटो काढला आणि प्रिंटमध्ये नळ गळताना दिसला. लांबचं मोठं असेल ते रुंद लेन्स लहान करून टाकते. पुढ्यात काहीतरी जवळचं हवं, एखादा दगड, एखादं माणूस, मग मागच्या पाण्याला अर्थ येतो. नाहीतर ५० लावा आणि धबधब्याचा तुकडा घ्या. पुढचं बोलण्यासारखं काही नाही, चला.

[बेळगावचा किल्ला. कमल बसदीचं छत.]

किल्ल्यातली ही कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर. रट्ट घराण्याच्या राजवटीतली, इसवी सन १२०४ च्या सुमाराची. आत नेमिनाथ. आणि वर छतातून खाली उमललेलं हे दगडी कमळ, ज्याच्यावरून बसदीला नाव पडलं.

रुंद लेन्स घेऊन देवळात गेलेला माणूस हमखास एक चूक करतो. कॅमेरा वर कलवतो. खांब वर जाता जाता एकमेकांकडं झुकतात, आणि आठशे वर्षं उभं असलेलं देऊळ मागं पडतंय असं वाटतं. यासाठी निकॉननं १९६२ मध्ये ३५ ची सरकणारी लेन्स काढली होती, कॅमेरा न कलवता लेन्सच वर सरकवायची. ती माझ्याकडं नाही. मग मी काय करतो? सरळ फरशीवर पाठ टेकून झोपतो. फिल्म छताला समांतर झाली की कमळ गोलच्या गोल येतं. एकदा एका आजोबांनी "पाणी आणू काय?" असं विचारलं होतं. त्यांना वाटलं चक्कर आली.

२० ची मित्राची लेन्स मी फक्त इथंच मनापासून वापरली. बाकी आठवडाभर ती पिशवीत होती.

[पुन्हा टेबल. टॉर्चचा उजेड लेन्समधून आरपार.]

घेताना काय बघायचं, तेही सांगतो. अशा कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये आरसा असतो. निकॉनमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे. मग २८ मिलिमीटरची लेन्स तिथून फिल्मवर चित्र पाडणार कशी? त्यासाठी उलट्या दुर्बिणीसारखी रचना करावी लागली. फ्रान्समध्ये आंजेनिओ या लेन्स कंपनीनं १९५० मध्ये ती छोट्या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली. अशा रचनेत जवळचं टिपताना कडा बिघडतात, म्हणून निकॉनच्या १९६७ च्या २४ मध्ये फोकस करताना आतल्या काचा आपसांत सरकतात. माझ्या २८ मध्येही तेच आहे. ती वीस सेंटिमीटरवरचं टिपते, मामांच्या बोटांमधला तुटलेला धागासुद्धा.

काचा जास्त, म्हणजे बुरशीला घरंही जास्त. आमच्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं लेन्सची काय कथा. माझी पहिली २८ एका दुकानातून "एकदम नवीन" म्हणून आली होती. घरी टॉर्च लावून बघितलं तर आत कोळ्याचं जाळं. दुकानदार म्हणाला, धूळ आहे. ती अजून माझ्याकडं आहे, कागदावर ठेवायला. तेव्हा विकत घेताना टॉर्च न्या, छिद्र पूर्ण उघडा आणि तिरक्या उजेडात बघा.

[मागाची खोली. आवाज पुन्हा सुरू.]

तर इथं परत. २४ लावून बघितली होती. मामी आल्याच, शिवाय गॅसचा सिलिंडर, सायकल, कॅलेंडर आणि दारातून डोकावणारं शेंबडं पोर. सगळं घर आलं आणि मामा सातव्या हिश्श्यानं लहान झाले. ते परत मोठे करायला दहा इंच पुढं जावं लागतं, आणि पुढं दहा इंचांवर फिरता पट्टा आहे. सदऱ्याची बाही त्यात द्यायची माझी तयारी नाही.

२८ ठरली. काचेच्या कौलाचा उजेड आणि एक ट्यूबलाइट. एफ २.८, शटर १/३० सेकंद. ५० नं एवढ्या हळू शटरला माझा हात हलला असता, २८ ला चालून जातं. फोकस सहा फुटांवर, म्हणजे पाचपासून साडेसात फुटांपर्यंत सगळं जागेवर. मामी त्यात बसतात. धोटा मात्र नुसती पांढरी रेघ होणार, होऊ दे.

"मामा, इकडं बघू नका."

"मी कशाला बघू? धागा तुटला तर तू जोडणार काय?"

[शटरचा आवाज. एकदाच.]

[दहा दिवसांनंतर. उंबरा. मामींच्या हातात प्रिंट.]

मामींनी हात पदराला पुसले आणि मग फोटो धरला.

"मी पण आलो की!"

आमच्या भागात बायकाही "मी आलो, मी गेलो" असंच म्हणतात, बाहेरच्या माणसानं दचकू नये.

मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. खाली डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं एक बुट्टी, म्हणजे टोपली होती, कांड्यांची. फोटो घेताना मला ती दिसलीच नव्हती. या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर चौकटीचा ९३ टक्केच भाग दाखवतो, उरलेलं फिल्मवर आपोआप येतं.

"रिकामी आलीय बघ," मामी म्हणाल्या. "सांगितलं असतंस तर भरून ठेवली असती की."