धक्का कोणत्या बाजूने?

[पडद्यावर: वरून दिसणारा चौकटींचा पट. मध्ये इमारती, खिडक्यांत दिवे.]

आठ उभी, आठ आडवी. बुद्धिबळाच्या पटावर असतात तेवढीच चौसष्ट घरं. काही घरांत माणसांनी भरलेल्या इमारती, काहींत डोंगर, काहींत पाणी. आपल्या बाजूने तीन मेक उभे आहेत. मेक म्हणजे आत चालक बसलेली अवाढव्य यंत्रं. आणि समोर जमिनीखालून वर येणारे राक्षसी किडे, व्हेक.

गेमचं नाव ‘इन्टू द ब्रीच’. मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा या दोघांनी काढलेल्या ‘सबसेट गेम्स’ने तो फेब्रुवारी २०१८ मध्ये आणला. याआधी, २०१२ साली, त्यांचा अंतराळयानाचा ‘एफटीएल’ गाजला होता. ‘इन्टू द ब्रीच’ला २०१८ सालीच ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट स्ट्रॅटेजी गेमचा मान मिळाला, २०२२ मध्ये तो मोबाइलवरही आला. पण मला आज बोलायचंय ते त्यातल्या धक्क्याबद्दल.

[पडद्यावर: किड्यांच्या पुढ्यात लाल खुणा उमटतात.]

इथे शत्रू आपला बेत लपवत नाही. आपली पाळी येण्याआधीच किडे जागा धरतात, आणि कोण कुठल्या घरावर वार करणार हे पटावर दिसतं. कुणाचा वार आधी आणि कुणाचा नंतर, तेही. मग आपण तिन्ही मेक चालवायचे, प्रत्येकाने एकेक वार करायचा आणि पाळी संपवायची. त्यानंतर किड्यांचे वार होतात. आपला नेम कधी चुकत नाही, फासे पडत नाहीत. नशीब डोकावतं ते एका ठिकाणी: इमारतीवर वार झाला तरी ती वाचण्याची थोडी शक्यता असते, सुरुवातीला १५ टक्के. तेवढं नशीबही आपल्याच बाजूचं.

इमारतीला मार बसला की वीज कमी होते. वीज शून्यावर आली की सगळं संपलं; एक चालक तेवढा दुसऱ्या कालरेषेत निसटतो आणि डाव पहिल्यापासून. जिंकायला सगळे किडे मारावे लागत नाहीत. ठरलेल्या चार-पाच पाळ्या निभावून न्यायच्या, बस्स. हे एकदा मनात पक्कं बसलं की हातातल्या शस्त्रांकडे बघण्याची नजरच बदलते.

सुरुवातीला मिळणारी तुकडी ‘रिफ्ट वॉकर्स’. कॉम्बॅट मेक शेजारच्या घरावर ठोसा मारतो: दोन इजा आणि एक घर मागे. कॅनन मेक सरळ रेषेत गोळी झाडतो: एक इजा आणि एक घर मागे. आर्टिलरी मेकचा गोळा मधल्या सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. जिथे पडतो तिथे एक इजा, आणि भोवतीच्या चारही घरांतलं जे असेल ते बाहेरच्या दिशेला सरकतं. समोरच्या किड्यात तीन जीव असताना ही हत्यारं दुबळी वाटतात. पण तिघांतही एक गोष्ट सारखी आहे. तिघंही ढकलतात.

[पडद्यावर: एक पाळी. पट स्थिर.]

ही पाळी जरा सावकाश बघूया. वीज एकच उरली आहे, म्हणजे एकही इमारत गमावून चालणार नाही.

चौथ्या ओळीत डावीकडे फायरफ्लाय जातीचा किडा आहे. तो उजवीकडे सरळ मारा करणार, आणि ओळीच्या टोकाला इमारत आहे. त्याच्या खालच्या ओळीत, साधारण मधोमध, स्कॉर्पियन. त्याची नांगी उजवीकडच्या, अगदी शेजारच्या इमारतीवर रोखलेली. पलीकडे हॉर्नेट, त्याच्या वरच्या घरात तिसरी इमारत. आणि हॉर्नेटच्या उजवीकडची जमीन हादरते आहे: पाळी संपली की तिथून नवा किडा वर येणार. संकटं चार, वार तीन.

आता आर्टिलरी मेक. त्याचा गोळा मी कुणाच्याही अंगावर टाकत नाही. स्कॉर्पियनच्या बरोबर खालचं घर रिकामं आहे, तिथे टाकतो. इजा शून्य. पण स्कॉर्पियन एक घर वर सरकतो. किडा सरकला तरी त्याच्या वाराची दिशा तीच राहते, म्हणून आता त्याची नांगी उजवीकडच्या मोकळ्या घरावर आहे. आणि तो स्वतः जाऊन उभा राहिलाय चौथ्या ओळीत, फायरफ्लाय आणि त्या टोकाच्या इमारतीच्या मध्ये. रिकाम्या घरावर पडलेल्या एका गोळ्याने दोन इमारती वाचल्या.

ज्यांनी पावसाळ्यात दुपारच्या दुपार कॅरम खेळून काढल्यात, त्यांना हे हातानेच कळेल. आपली सोंगटी थेट भोकात जात नसली की दुसऱ्या सोंगटीवरून ती घालवायची.

मग कॅनन मेक. डावीकडून गोळी झाडली की हॉर्नेट उजवीकडे सरकतो, थेट त्या हादरणाऱ्या जमिनीवर. दोन जिवांपैकी एक गोळीने गेला. त्याचा डंख आता वरच्या मोकळ्या घरावर. खालून येणारा किडा त्याच्यावर आदळेल, म्हणजे उरलेला जीवही जाईल, आणि वर यायची वाटही या पाळीपुरती बंद.

उरला कॉम्बॅट मेक, तिघांतला सगळ्यात ताकदवान. इथे हात आवरावा लागतो. फायरफ्लायला खालून ठोसा मारला तर तो तिसऱ्या ओळीत जाईल, आणि त्याही ओळीच्या टोकाला एक इमारत आहे. सगळा डाव आपल्याच ठोशाने फिसकटेल. तोच ठोसा मागून, डावीकडून मारला तर फायरफ्लाय एक घर पुढे येतो, ओळ तीच, रोख तोच. त्याच्या तोंडासमोर आता स्कॉर्पियन आहे. ठोसा तोच आणि इजाही तेवढीच, फक्त उभं राहायची बाजू वेगळी.

[पडद्यावर: पाळी संपते. फायरफ्लायचा मारा स्कॉर्पियनला लागतो. डंख हवेत. जमीन फुटत नाही, हॉर्नेट कोसळतो. तिन्ही इमारतींचे दिवे तसेच.]

फायरफ्लाय अजून जिवंत आहे, हे माझ्या लेखी अपयश नाही. तो मेला असता तर स्कॉर्पियनवर मारा कुणी केला असता? किड्याची ताकद हे इथे आपलं चौथं हत्यार असतं.

‘स्टील जुडोका’ ही तुकडी तर उभीच या कल्पनेवर आहे. एक मेक शत्रूला उचलून आपल्या पाठीमागे फेकतो, एक दुरून स्वतःकडे ओढतो, आणि तिच्याकडे एक अशी शक्ती आहे की किडे एकमेकांना मारतात तेव्हा एक इजा जास्त होते. चालकांचे गुणही यात मिसळतात. चेन राँगला वार केल्यावर एक घर सरकता येतं. आधी गोळी झाडायची आणि मग हादरणाऱ्या जमिनीवर जाऊन उभं राहायचं. हेन्री क्वान किड्यांच्या गर्दीतून आरपार जातो, म्हणजे मघाशी लागली तशी मागची बाजू त्याला सहज गाठता येते.

माझी सगळ्यात आवडती तुकडी ‘फ्रोझन टायटन्स’. तिच्यातला आईस मेक ज्याच्यावर मारा करतो त्याला गोठवतो, आणि स्वतःही गोठतो. वाचताना हे फार महाग वाटतं. गोठलेला किडा वार करू शकत नाही, खरंय, पण आपलाही तिघांतला एक बर्फात अडकला. दुरुस्ती करून सुटता येतं, पण त्यात त्याचा वार जातो.

आता त्याच्या जोडीला मिरर मेक बघा. त्याची तोफ एकाच वेळी पुढे आणि मागे झाडते. हा मेक एकटाच वापरला तर मागची गोळी बहुधा वाया जाते, कधी आपल्याच माणसाला लागते. पण गोठलेल्याला मार बसला की फक्त बर्फ फुटतो, आतल्याला इजा होत नाही. एकाची खोट, दुसऱ्याची अडचण. आणि दोघांना एका रेषेत उभं केलं की दोन्ही नाहीशा. तिसरा एजिस मेक ढालीने धडक देऊन किड्याच्या वाराची दिशा उलटी करतो, की तो वार त्याच्याच पाठीमागच्या सोबत्याला बसतो.

[पडद्यावर: शेवटची पाळी. आईस मेक बर्फात. दोन घरं पलीकडे, त्याच ओळीत, मिरर मेक पाठमोरा.]

मागच्या पाळीत आईस मेकने एका किड्याला थोपवलं आणि स्वतः थिजला. त्याच वेळी मिरर मेकला मी या ओळीत आणून ठेवलं होतं. आता समोर एक फायरफ्लाय, मागे आपला बर्फ. एकच वार. पुढची गोळी फायरफ्लायला इमारतीच्या ओळीतून हटवते. मागची गोळी बर्फावर बसते, तडा जातो, कवच गळून पडतं. आईस मेकची या पाळीतली चाल अजून शिल्लक आहे.