कूट नसलेला डबा

(दृश्य: सकाळ. धुक्यातून वर आलेला जरंडेश्वर. खाली वावरात उपटून रचलेले भुईमुगाचे वेल.)

कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा. दसरा मागे पडलाय, खरिपाचा भुईमूग निघालाय. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वाघ्या घेवड्यामुळे या तालुक्याचं नाव झालं, पण घराघरात रोज लागतो तो भुईमूग. ढिगाभोवती पोरं जमलीत, ओल्या शेंगा फोडून तोंडात टाकतायत. एक पोर त्यांच्यात नाही. ती पलीकडे पायरीवर बसलीय. वय ६, वजन १८ किलो. वजन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नाव पडद्यावर नको असं घरच्यांनी सांगितलं, म्हणून आपण तिला चिऊ म्हणू.

(दृश्य: अंगणातला नळ. आमचीच माणसं हात धुतायत.)

या घरात शिरताना आमच्या हातात आधी साबण आला, मग चहा. चिऊच्या आईने कॅमेरामनला विचारलं, "दादा, येताना काय खाल्लंत?" त्याने स्टँडवर खारे दाणे खाल्ले होते. दोनदा हात धुतले, चूळ भरली. त्याने खिशातून सॅनिटायझर काढलं, तर आईने मान हलवली. सॅनिटायझरने जंतू मरतात, दाण्याचं प्रथिन मात्र हातावर तसंच राहतं. ते निघतं साबणाने आणि वाहत्या पाण्याने.

(दृश्य: आजी, चुलीपुढे.)

आजीचा आवाज: "पयलं आमाला वाटलं, पित्त उठलंय. अंगावर ह्या एवढाल्या गांधी. आमसुलाचं पाणी लावलं, दिष्ट काढली. मग कळलं, पोरीला दाण्याचं वावडं हाय."

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. आजीकडचा 'वावडं' त्याहून जुना असावा. पित्ताची गोळी देऊन एका दवाखान्याने तिला घरी पाठवलं होतं. पुढे आषाढी एकादशीला खिचडीचे दोन घास पोटात गेले. ओठ सुजले, उलटी झाली, खोकला थांबेना, आवाज बसला. त्या रात्रीचं चित्रण आमच्याकडे नाही. साताऱ्याला नेलं, मांडीत इंजेक्शन दिलं, पहाटे तिने पाणी मागितलं.

(दृश्य: लोखंडी कढईत तडतडणारे दाणे. सूप. खलबत्ता.)

आता कूट. चित्रीकरणाचा निम्मा वेळ आम्ही कुटाच्याच मागे होतो. हे घर चिऊचं नाही, शेजारचं आहे. तिच्या घरात चार वर्षांत दाणा आलेला नाही. मंद आचेवर दाणे भाजायचे, गार झाले की तळहातांनी चोळायचे, सुपात पाखडायचे. उन्हाच्या तिरिपेत उडणारी ही तांबूस सालं कॅमेऱ्याला फार आवडली. खाली येऊन ती कुठे बसतात, ते बघा: चुलीच्या कडेला, पाण्याच्या कळशीवर, पाखडणारीच्या पदरावर.

आणि कूट जातो कुठे? मेथीत, दोडक्यात, भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, आमटी दाट व्हावी म्हणून आमटीत. महाद्या तर दाण्याचाच. पाहुण्याला विचारलं, भाजीत दाणे आहेत का, तर सुगरण खुशाल सांगते, "नाही हो, नुसता कूट आहे." ती खोटं बोलत नसते. कूट हा तिच्या लेखी मिठासारखा, वेगळा मोजायचा नसतो.

शेंग उकडली तर त्यातलं प्रथिन बरंच सौम्य होतं. भाजली की उलटं: ॲलर्जी असलेल्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांना, म्हणजे अँटिबॉडींना, ते जास्त घट्ट धरतं. सौम्य म्हणजे चालतं, असं मात्र नाही. चिऊला उकडलेली शेंगही वर्ज्य आहे.

(दृश्य: चिऊचं स्वयंपाकघर. आई हरभऱ्याची डाळ भाजतेय.)

कुटाच्या जागी आईने पहिल्यांदा बाजारातलं डाळं दळून वापरलं. दाटपणा आला, चवही जमली. संध्याकाळी चिऊच्या मानेवर चट्टे. डाळ्यात कुठून आला दाणा? उत्तर भट्टीवर सापडलं. भट्टीवाला ज्या वाळूत फुटाणे फोडतो, त्याच वाळूत शेंगदाणे भाजतो. किराणा दुकानात दोन्हींचं मापही एकच. तेव्हापासून हरभरा घरचा आणि डाळ घरच्या जात्यावरची. ही कढई फक्त तिच्यासाठी, दांड्याला लाल दोरा बांधलेली. मिक्सरचं जुनं भांडं आईने देऊन टाकलं. पात्याखालच्या रबरात काय अडकलंय ते घासून निघत नाही, असं ती म्हणते. आम्ही एक रबर काढून बघितलं. तिचं बरोबर आहे.

(दृश्य: तेलाचा घाणा. धार पडतेय.)

ही धार पाच मिनिटं चित्रित केली, इथे वीस सेकंद ठेवलीय. घाण्याचं तेल गाळून, निवळून देतात. त्यात प्रथिनाचा अंश उरतो. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात तो जवळजवळ नसतो. मग करडईचं घाण्याचं घ्यावं? घाणेवाल्याने हसून सांगितलं, सकाळी शेंगदाणा, दुपारी करडई, घाणा एकच. चिऊच्या घरी सूर्यफुलाचं पिशवीतलं तेल येतं. शुद्ध घाण्याचं तेल सोडलं म्हणून पाहुणेरावळे जे बोलतात, ते आई ऐकून घेते.

(दृश्य: दुकान. चिऊ बिस्किटाचा पुडा उलटा करून बोट फिरवतेय.)

चिऊ अजून जोडाक्षरांत अडखळते, पण 'शेंगदाणे' हा शब्द ओळखते. अडचण अशी की पुड्यावर तो इंग्रजीत असतो. मग आईने तिला इंग्रजीतलीही पाच-सहा अक्षरं ओळीने दाखवून ठेवलीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार दूध, अंडी, मासे, सोयाबीन, गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं, शेंगदाणे आणि बदाम-काजूसारखी कवचफळं पाकिटावर ठळक सांगावी लागतात. त्या यादीत तीळ नाहीत. अमेरिकेत ते १ जानेवारी २०२३ पासून आले. संक्रांतीला वाटीवाटीने तीळ वाटणाऱ्या महाराष्ट्रात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, याचं नवल वाटतं. आणि ज्याला पाकीटच नाही, त्याचं काय? सुटी शेव, सांगलीकडचा भडंग, यात्रेतली गुडदाणी. तिथे आई थांबतच नाही.

(दृश्य: शाळा. पंगत. चिऊचा स्टीलचा डबा.)

शाळेत खिचडी शिजते. चिऊ वर्गाबरोबरच पंगतीत बसते, कडेच्या जागेवर, घरचा डबा घेऊन. वेगळ्या खोलीत बसवायचं नाही, ही अट आईने पहिल्याच दिवशी घातली. बाईंनी मुलांना दोनच नियम शिकवलेत: डब्यातलं एकमेकांना द्यायचं नाही, जेवणाआधी आणि नंतर हात धुवायचे. वाढदिवसाच्या चॉकलेटांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. तूर्त ती मुठीत घरी येतात.

(दृश्य: कंपासपेटी उघडते. आत दोन काचेच्या कुप्या, दोन सिरिंजा.)

ही पेटी चिऊ जाईल तिथे जाते. काळ्या कापडात गुंडाळलेली, कारण आतल्या ॲड्रेनलिनला, म्हणजे ॲलर्जीचा तीव्र झटका आला की टोचायच्या औषधाला, ऊन आणि उजेड सोसत नाही. एका कुपीत १ मिलिलिटर, त्यात १ मिलिग्रॅम औषध. मुलाच्या वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणून १८ किलोच्या चिऊला ०.१८ मिलिलिटर. तिच्या डॉक्टरांनी हा आकडा झाकणाच्या आत लिहून दिलाय. वजन वाढलं की आकडा बदलतो.

आई आणि बाई, दोघी लिंबात साधं पाणी टोचून शिकल्या. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. मग १०८ ला फोन. मुलाला आडवं झोपवायचं, धाप लागली असेल तर बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. उतार पडला नाही तर पाच मिनिटांनी दुसरी कुपी. ॲलर्जीच्या गोळीने खाज थांबते. बंद होत चाललेला घसा तिने उघडत नाही. सगळेजण आधी गोळीच शोधतात, म्हणून पेटीत गोळी ठेवलेलीच नाही.

(दृश्य: पाळणा. नऊ महिन्यांचा भाऊ. गालांवर इसबाचे लाल डाग.)

आणि हा धाकटा. याला दाणे द्यायचे की नाही, यावरून घरात महिनाभर धुसफूस चालली. लंडनच्या संशोधकांनी २०१५ साली एका अभ्यासाचा निष्कर्ष मांडला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, वय ४ ते ११ महिने. निम्म्यांना दाणे दिले, निम्म्यांना दिले नाहीत. पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांतल्या शंभरात साधारण १७ मुलांना दाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांतल्या तिघांना. त्याआधी वर्षानुवर्षं आयांना सांगितलं जायचं ते बरोबर उलटं.

धाकट्याची आधी डॉक्टरांनी त्वचेवर चाचणी केली. ती निर्धोक आली. आता आठवड्यातून तीनदा, कोमट पाण्यात कालवलेली पातळ पेस्ट. अख्खा दाणा नाही, घशात अडकतो. पण द्यायची कुठे? चिऊच्या घरात तर नाहीच.

(दृश्य: गल्लीपलीकडे चुलत घराचा ओटा. काकूच्या मांडीवर बाळ. वाटी, चमचा.)

काकू तीन-चार चमचे भरवते. बाळाला आवडतं, ते वाटीकडे हात करतं. मग साबण. तोंड, हनुवटी, दोन्ही मुठी, बोटांच्या बेचक्या. झबलं बदललं जातं, उतरवलेलं इथेच बादलीत पडतं. काकू स्वतःचे हात कोपरापर्यंत धुते.

चिऊ समोरच्या उंबऱ्यावर उभी आहे. ती गल्ली ओलांडत नाही. काकूने मान हलवली, की मग ती बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे करते.

(निवेदन इथे थांबतं. बाळाच्या हसण्याचा आवाज तसाच ठेवावा.)