ती वाट पावसानं खाल्ली

नमस्कार, श्रोतेहो. दसरा झाला, पाऊस परतला, आणि शुक्रवारी रात्री दादर-ठाण्याच्या फलाटांवर पाठीला सॅक लावलेली पोरं कसारा लोकलसाठी पुन्हा दिसू लागली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या मनात एकच वाट असते: रतनगड ते हरिश्चंद्रगड. रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन, गडाच्या लोखंडी शिड्या, मग कात्राबाईची खिंड, उतरून कुमशेत, मुळा नदी ओलांडून पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. दोन-तीन दिवसांची चाल.

ही वाट आत्ता कशी असते? आत्ता म्हणजे दिवाळीच्या आधी. ओढे वाहते असतात, पाण्याची चिंता नाही. चिंता गवताची. ते खांद्याला लागतं आणि पायाखालचं काही दिसू देत नाही. डिसेंबरनंतर तेच गवत वाळून निसरडं होतं, खाली मुरमाचा घसारा मोकळा होतो, ओढे आटत जातात. तेव्हा पाणी पाठीवर वाहून न्यायचं, माणशी चार लिटर तरी. पण वाट विचारायची ती दोन्ही वेळा. मागच्या वर्षीची नाही, आजची.

हे मी इतकं निक्षून का सांगते, ते ऐका.

काही वर्षांपूर्वी आम्ही मुलुंडच्या चौघीजणी असंच ऑक्टोबरात निघालो. मोबाइलमध्ये एका मित्राच्या आदल्या वर्षीच्या चालीची, जीपीएसनं नकाशावर आखलेली रेघ होती. खिंड ओलांडली तेव्हा चार वाजून गेले होते. उतरताना वाटेला फाटे फुटले, आणि आम्ही सगळ्यात मळलेली वाट धरली, कारण रेघही तिकडेच जात होती. अर्धा तास छान उतरलो. मग गवत दाट झालं, आणि खालून, कुठून ते कळेना, एका बाईची हाक आली, "पोरींनो, थांबा! म्होरं वाट न्हाई!"

आम्ही जागच्या जागी थांबलो. पुढचं गवत काठीनं बाजूला केलं, तर चार पावलांवर जमीन संपलेली. खाली कातळ सुटलेला, माती तांबडी, ताजी.

मावशी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन वळसा घालून वर आल्या. म्हणाल्या, "ती वाट आखाडात पावसानं खाल्ली. आता निस्ती ढोरं येत्यात इथवर, चरायला." म्हणजे ज्या वाटेला आम्ही मळलेली वाट समजलो, ती ढोरवाट होती.

मी विचारलं, "मावशी, ढोरवाट ओळखायची कशी?" त्यांनी वर बोट दाखवलं. "खाली काय बघती? डोईला बघ. फांदी ढोराला आड येत न्हाई. भारा घेतलेल्या बाईला येती, मग ती कोयत्यानं तोडती."

डोक्याच्या उंचीवर फांद्या तोडलेल्या असतील, तर ती माणसांची वाट. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा, डोक्याच्या उंचीवर बघा. आपल्या शाळेत नकाशात रंग भरायला शिकवतात, नकाशा घेऊन टेकडीवर कुणी नेत नाही, याची मला फार खंत आहे. पाचवीच्या प्रत्येक वर्गानं वर्षातून एकदा तरी कान्हेरीच्या जंगलात वाट शोधत चालावं. असो.

अंधार पडायच्या आत मावशींनी आम्हाला कुमशेतला पोहोचवलं. भारा शेवटपर्यंत डोक्यावर, आम्हाला हात लावू दिला नाही. रात्री त्यांच्या चुलीवरची नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. सॅकमधली नूडल्सची पाकिटं तशीच परत आणली. डोंगरात गेल्यावर पाकिटं फोडू नयेत, गावात पैसे देऊन जेवावं, असं माझं मत आहे, आणि ते बदलणार नाही.

तर रतनवाडीत विचारा, खिंडीकडे निघण्याआधी. कुमशेतला विचारा, पाचनईकडे निघण्याआधी. जंगलात रतनगडाची आणि खिंडीची वाट वेगळी होते, तिथे दिसेल त्या पहिल्या माणसाला विचारा. वाटाड्या मिळाला तर घ्याच, पैशांत घासाघीस करू नका. मोबाइलमधली रेघ सोबत असू द्या, पण आजची वाट गावात विचारा.

दोन आठवड्यांपूर्वी मी पुन्हा तिथून उतरले. ढोरवाट अजून तशीच मळलेली आहे. तिच्या बरीच अलीकडे एक हिरड्याचं झाड आहे, त्याची एक फांदी बरोबर डोक्याच्या उंचीवर तोडलेली होती. घाव ताजा, चीक अजून ओला. आम्ही तिथून वळलो.