बरणी नीट ढवळलीच नव्हती

हे फुटेज जरा नीट बघा. 1 डिसेंबर 1969 ची रात्र, वॉशिंग्टनमधलं, सैन्यात सक्तीची भरती करणाऱ्या सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं ऑफिस आणि समोर काचेची एक मोठी बरणी. त्यात निळ्या प्लॅस्टिकच्या 366 कॅप्सूल, प्रत्येकीत कागदाची छोटीशी गुंडाळी आणि त्या कागदावर फक्त एक तारीख. नाव नाही, गाव नाही, नुसती जन्मतारीख. न्यूयॉर्कचे खासदार अलेक्झांडर पिर्नी बरणीत हात घालतात, एक कॅप्सूल बाहेर येते, तारीख वाचली जाते, 14 सप्टेंबर. बस्स, ठरलं. 1944 ते 1950 च्या दरम्यान 14 सप्टेंबरला जन्मलेला जो कोणी धडधाकट पोरगा आहे आणि ज्याच्याकडे कसली सवलत नाही, त्याला पहिलं बोलावणं, आणि त्या वर्षी सैन्यातून बोलावणं आलं की घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द यायचा, व्हिएतनाम.

हे सगळं टीव्हीवर लाइव्ह चाललं होतं. कुठेतरी एखादी आई पडद्यासमोर बसून आपल्या मुलाची तारीख लवकर येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसली असेल, आणि तारीख आली नाही म्हणून तिला हायसं वाटलं असेल तर त्याच क्षणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात काळजाचा ठोका चुकलेला असेल. 8 जूनची तारीख सगळ्यात शेवटी निघाली, 366 वी. प्रत्यक्षात 195 नंबरपर्यंतच्या पोरांना बोलावलं गेलं, पुढचे सुटले.

आता गंमत नाही, पण यात एक अशी गोष्ट आहे जी मला कळली तेव्हा मी दोनदा वाचली. निकाल लागल्यावर आकडेशास्त्रवाल्यांनी नंबर तपासले तर डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांचा सरासरी नंबर 121 च्या आसपास आणि जानेवारीवाल्यांचा 201. एवढा फरक का, तर कॅप्सूल आधी एका पेटीत महिन्याच्या क्रमाने टाकल्या होत्या, जानेवारीच्या आधी, डिसेंबरच्या शेवटी, आणि नंतर त्या पुरेशा ढवळल्याच गेल्या नाहीत. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण सगळ्यांना समान न्याय मिळावा म्हणून जी लॉटरी आणली तिच्यातच वर्षाच्या शेवटी जन्मलेली पोरं वर राहिली. पुढच्या वर्षी पद्धत बदलली, तारखांचा एक ड्रम आणि नंबरांचा वेगळा ड्रम, पण 1969 ची यादी रद्द झाली नाही, ती तशीच लागू राहिली.

अमेरिकेत ड्राफ्ट, म्हणजे ही सक्तीची भरती, परत आणा की आणू नका हा वाद निघाला की मला पहिल्यांदा ही बरणी आठवते, कारण वादातलं सगळ्यात मोठं वाक्य नेहमी हेच असतं की सक्ती केली म्हणजे श्रीमंत-गरीब सगळे एका रांगेत येतील. येतात का खरंच?

इतिहास तरी तसं सांगत नाही. सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1863 च्या कायद्यात सरळ लिहिलेलं होतं की 300 डॉलर भरा आणि सुटका करून घ्या, नाहीतर आपल्या जागी दुसरा माणूस उभा करा. मजुरी करणाऱ्याने 300 डॉलर आणायचे कुठून? त्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये दंगल पेटली आणि राग निघाला तो काळ्या लोकांवर, ज्यांचा त्या कायद्याशी काडीचा संबंध नव्हता. व्हिएतनामच्या वेळी पैसे भरायची सोय नव्हती, पण कॉलेज होतं. फुल टाइम शिकत असाल तर पुढे ढकला, परत शिका, परत ढकला. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले डिक चेनी, जो बायडन, डोनाल्ड ट्रम्प, तिघांनाही पाच-पाच वेळा अशा सवलती मिळाल्या, बहुतेक शिक्षणाच्या, आणि हे सगळं कायद्यात बसणारं होतं, त्यांनी काही चोरी केली असं मी म्हणत नाही. पण ज्याला कॉलेजची फीच परवडत नव्हती त्याच्यासाठी तो दरवाजा नव्हताच. आणि मुहम्मद अली बघा, बॉक्सिंगचा जगज्जेता, 28 एप्रिल 1967 ला ह्यूस्टनमध्ये भरतीसाठी त्याचं नाव पुकारलं आणि तो पुढे आलाच नाही. पळाला नाही, लपला नाही, तिथेच उभा राहिला. पाच वर्षांची शिक्षा सुनावली, किताब गेला, उमेदीची वर्षं रिंगबाहेर गेली, आणि 1971 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली तोपर्यंत ती वर्षं परत येणार नव्हती.

व्हिएतनाममध्ये 58,000 च्या वर अमेरिकन सैनिकांचा जीव गेला. निक्सनने 1968 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात ड्राफ्ट संपवतो म्हणून शब्द दिला होता, मग एक आयोग नेमला, माजी संरक्षणमंत्री थॉमस गेट्स त्याचे अध्यक्ष, अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन सदस्य. त्यांचं म्हणणं साधं होतं, की तुम्ही पोराला जबरदस्तीने आणून अर्ध्या पगारात राबवता म्हणजे त्याच्यावर छुपा करच लावता, तर नीट पगार द्या आणि स्वखुशीने येणाऱ्यांचं सैन्य उभं करा. 1973 मध्ये ड्राफ्ट थांबला. 1975 मध्ये नावनोंदणीही बंद झाली. मग सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरने नोंदणी पुन्हा सुरू केली, ड्राफ्ट नाही, फक्त नोंदणी, 18 ते 25 वयाच्या मुलग्यांची. आणि नोंदणी चुकवली तर कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे.

आता येऊ चार्ल्स रेंजल यांच्याकडे, कारण या वादाचा जीव माझ्या मते त्यांच्या विधेयकात आहे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा माणूस, शाळा अर्धवट सोडून सैन्यात गेलेला, कोरियाच्या युद्धात जखमी झालेला, नंतर अनेक वर्षं खासदार. जानेवारी 2003, इराकवर हल्ला होणार हे जवळपास ठरलेलं, आणि युद्धाला विरोध असलेला हा माणूस काय करतो तर ड्राफ्ट परत आणायचं विधेयक मांडतो. 18 ते 26 वयाचे सगळे, मुलगे आणि मुली दोन्ही, सैन्यात किंवा नागरी सेवेत, आणि कॉलेजची पळवाट बंद. त्यांचं म्हणणं असं की ज्यांच्या मतावर युद्ध सुरू होतं त्यांची स्वतःची मुलं त्यात जाणार असती तर ते हात वर करायच्या आधी दहा वेळा विचार करतील. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तर काही लोकांचं जळतच नाही, हीच त्यांची तक्रार होती.

त्याच महिन्यात संरक्षणमंत्री रम्सफेल्ड बोलून गेले की सक्तीने आणलेल्या सैनिकांचा सैन्याला खरा फायदा काही होत नव्हता. व्हिएतनाममध्ये मित्र गमावलेल्या, स्वतः सक्तीने गेलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल? माजी सैनिकांच्या संघटना भडकल्या आणि रम्सफेल्डना माफी मागावी लागली.

विधेयकाचं काय झालं? 2004 ची निवडणूक तोंडावर आली, इंटरनेटवर अफवा फिरायला लागल्या की निवडणूक झाली की ड्राफ्ट येणार, कॉलेजची पोरं घाबरली, तेव्हा 5 ऑक्टोबरला रिपब्लिकन नेत्यांनी ते विधेयक स्वतःहून मतदानाला आणलं, ते पडावं म्हणूनच. 402 विरुद्ध 2. रेंजल यांनी स्वतः विरोधात मत दिलं, कारण धड सुनावणी नाही, चर्चा नाही, नुसतं निवडणुकीसाठी मतदान. पुढेही त्यांनी ते विधेयक अनेकदा मांडलं, आणि ते कधीच पुढे सरकलं नाही.

आणि या 402 मतांमागचं वास्तव बघा. इराक लांबत गेलं, सैनिक कमी पडायला लागले, मग स्टॉप-लॉस लावला, म्हणजे करार संपलेल्या सैनिकालाही घरी जाऊ द्यायचं नाही. एकदा जाऊन आलेला परत, परत आलेला तिसऱ्यांदा, आणि 2007 मध्ये तर एका खेपेचा मुक्काम 15 महिन्यांचा केला. त्या पोराने स्वखुशीने सही केली होती हे खरं, पण करार संपल्यावर त्याला अडकवून ठेवलं तर ती सक्ती नाही तर काय? लोक याला मागच्या दाराने आणलेला ड्राफ्ट म्हणायचे आणि मला ते बरोबर वाटतं. सक्ती गेली नव्हती, ती फक्त आधीच खांद्यावर ओझं घेतलेल्यांवर आली होती आणि बाकी देश आपल्या कामाला लागला होता.

मुलींच्या नोंदणीचं घोंगडं तर वर्षानुवर्षं भिजत पडलंय. 1981 मध्ये सुप्रीम कोर्टाने फक्त मुलग्यांची नोंदणी चालेल म्हटलं, कारण बायकांना लढाईच्या जागा बंद होत्या. 2015 च्या शेवटी त्या सगळ्या जागा उघडल्या, म्हणजे ते कारणच उरलं नाही. 2020 मध्ये सरकारी आयोगाने मुलींचीही नोंदणी करा म्हणून शिफारस केली, 2021 मध्ये संरक्षण विधेयकात ते कलम आलं आणि डिसेंबरमध्ये अंतिम मसुद्यातून गुपचूप गळलं.

रेंजल यांचा प्रश्न मला आजही खरा वाटतो, त्यांचा उपाय मात्र नाही. कारण पैसेवाल्याला सुटायचं दार सापडतंच: आधी 300 डॉलर, मग कॉलेज, आणि ही दोन्ही दारं बंद केली तर ओळखीचा डॉक्टर. पण 2022 मध्ये आर्मीला 60,000 नवी माणसं हवी होती आणि 15,000 कमी मिळाली, त्यामुळे ड्राफ्टचं नाव परत लोकांच्या तोंडी यायला लागलं, आणि ते काढणाऱ्यांमध्ये स्वतः विशीत असलेले फार कमी असतात.

उद्या अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ड्राफ्टचा कायदा केला तर सगळी तयारी कागदावर आहे. यावेळी ड्रम दोन, एकात तारखा, एकात नंबर. कॉलेजमध्ये असलात तर फार तर चालू सेमिस्टर पूर्ण करू देतील, शेवटच्या वर्षाला असलात तर ते वर्ष. पहिला नंबर त्या वर्षी 20 पूर्ण करणाऱ्यांचा, मग 21, 22 करत 25 पर्यंत, आणि तरी माणसं कमी पडली तर 19 वाले आणि सगळ्यात शेवटी साडेअठरावाले.