चिठ्ठीवर दूध

मित्रांनो, आपण फॅमिली डॉक्टर. रोज शंभर चिठ्ठ्या लिहितो. आज मला एका वेगळ्याच चिठ्ठीबद्दल बोलायचं आहे.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाचं गाव आहे. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी ते १८८७ साली वसवलं. भोवती सगळा कापसाचा मुलूख. १९६०च्या दशकात कापूस वेचायला यंत्रं आली, तणनाशकं आली आणि मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा रोजगार गेला. घराघरांत चूल थंड पडू लागली.

१९६७ मध्ये तिथं डेल्टा हेल्थ सेंटर सुरू झालं. जॅक गायगर हे त्याचे प्रमुख. विद्यार्थी असताना ते दक्षिण आफ्रिकेतल्या पोलेला इथं, सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याच्या केंद्रात शिकून आले होते. माउंड बायूत केंद्राच्या डॉक्टरांपुढे अशक्त बाया नि सुकलेली लेकरं येऊ लागली. तेव्हा त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: दूध, भाज्या, मांस. कुटुंबानं ती चिठ्ठी किराणा दुकानात दाखवायची आणि बिल केंद्राच्या औषधखर्चातून जायचं. निधी देणाऱ्या सरकारी खात्यानं हरकत घेतली: हा पैसा औषधांचा आहे. गायगर यांचं उत्तर होतं, की कुपोषणावरचं औषध अन्नच आहे, पुस्तकात तसंच लिहिलंय.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. जॉन हॅच हे केंद्राचे समाजसंघटक. ते लोकांना विचारत फिरले, तुम्हाला काय हवंय? त्यातून वस्तीवस्तीत आरोग्य मंडळं झाली, विहिरी खणल्या गेल्या आणि शेवटी एक सहकारी शेत उभं राहिलं. कालपर्यंत दुसऱ्याचा कापूस वेचणारी माणसं आता स्वतःसाठी भाजी पिकवू लागली. मेरी स्टेला सिम्प्सन या सुईणीचं काम करणाऱ्या सिस्टर घरोघरी जाऊन पोटुशी बायांना तपासत. आपल्याकडे जामखेडला आरोळे डॉक्टरांनी १९७० पासून गावातल्याच बायांच्या हाती आरोग्य दिलं, ते तुम्हाला आठवेल.

माउंड बायूकडच्या बाया डॉक्टरला भीत, आणि तेही विनाकारण नाही. फॅनी लू हेमर याच भागातल्या शेतमजूर. १९६१ साली त्या गर्भाशयातली गाठ काढायला गेल्या आणि त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकलं गेलं. असं इतक्या जणींच्या बाबतीत झालं, की या प्रकाराला ‘मिसिसिपी अपेंडेक्टमी’ (अपेंडेक्टमी म्हणजे अपेंडिक्स काढणं) असं नाव पडलं.

आणि आजही? २०२३ मध्ये अमेरिकेत एक लाख जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या माता १४.५. नुसत्या गरिबीनं याचा उलगडा होत नाही. कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्सकडे पैसा होता, नाव होतं. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर धाप लागल्यावर तिनं स्वतः सांगितलं, फुप्फुसात गुठळी असेल, सीटी स्कॅन करा. आधी पायांची सोनोग्राफी झाली. स्कॅन केल्यावर गुठळ्या सापडल्या.

तिथल्या मातामृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक प्रसूतीनंतर आठवडा उलटल्यावर, वर्षाच्या आत होतात. म्हणजे बाई हॉस्पिटलातून घरी आल्यावर, आपल्या जबाबदारीत. माझ्या दवाखान्यात बाळंतीण येते ती बाळाच्या लशीसाठी. कितीतरी वर्षं मी बाळाचं वजन करायचो, लस टोचायचो आणि ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणायचो. कडेवर बाळ घेतलेल्या त्या बाईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायचं सुचलंच नाही. आता आधी तिला बसवतो, पट्टा बांधतो, डोकं दुखतं का, दम लागतो का, जेवलीस का, हे विचारतो. ती सांगेल ते कागदावर तिच्याच शब्दांत लिहितो.

हेमर पुढे नागरी हक्कांच्या लढ्यातला बुलंद आवाज झाल्या. मार्च १९७७ मध्ये त्या वारल्या, त्या माउंड बायूच्या रुग्णालयात. शेवटच्या दिवसांत त्यांची सेवा झाली ती त्यांच्याच माणसांनी उभारलेल्या त्या गावात.