चौकोनातल्या आठ दिशा

हे अक्षर नीट बघा: 圀. बाहेर एक चौकोन, आत दोन छोटी अक्षरं, एकाचा अर्थ आठ आणि दुसऱ्याचा दिशा. आठ दिशांना घातलं कुंपण की झाला देश. चिनी लोक याला ग्वो म्हणणार, जपानी लोक कुनी. पण देश लिहायला त्यांच्याकडे आधीपासून वेगळं अक्षर होतंच की, मग हे कुणी काढलं आणि कशाला?

त्यासाठी तेराशे वर्षं मागे जायला लागतं, तांग घराण्याच्या चीनमध्ये. वू झेत्येन नावाची बाई, पोरवयातच बादशहाच्या जनानखान्यात आली, तो वारल्यावर डोकं भादरून मठात गेली, तिथून त्याच्याच मुलाने तिला परत राजवाड्यात आणलं, ६५५ साली ती पट्टराणी झाली, आणि ६९० साली, साठी उलटल्यावर, स्वतःच गादीवर बसली. राजमाता म्हणून नाही हां, सम्राट म्हणून. चीनच्या गादीवर स्वतःच्या हक्काने राज्य केलेली बाई ती एकटीच. घराण्याचं नावसुद्धा तिने बदलून टाकलं, तांगच्या जागी झोऊ.

आणि बाईला अक्षरं बदलायची भारी हौस. ६८९ साली तिच्या नात्यातल्याच एका अधिकाऱ्याने नवी अक्षरं सादर केली, पुढे त्यात भर पडत डझनाच्या वर गेली. डोंगर, पाणी, माती एकाखाली एक रचलं की जमीन. मंत्री लिहायचं तर वर एक हा आकडा, खाली निष्ठा. म्हणजे पदाच्या नावातच नोकरीची अट घालून ठेवली, हे मला तर फारच आवडलं!

सगळ्यात खास अक्षर अर्थातच तिने स्वतःच्या नावासाठी ठेवलं. वर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी, खाली मोकळं आकाश. उच्चार झाओ, अर्थ उजळणं. आता चीनमध्ये रीत अशी की राज्यकर्त्याच्या नावातलं अक्षर इतरांनी वापरायचं नाही, कधी कधी तसाच उच्चार असलेलं दुसरं अक्षरपण नाही. झालं काय, की राजाज्ञेला जो शब्द होता त्याचाही उच्चार झाओच निघाला, मग काय, राजाज्ञेचं नावच बदललं. तिच्या दोनशे वर्षं आधी मरून गेलेल्या एका कवीचं नावसुद्धा लोक वेगळ्या अक्षराने लिहायला लागले.

आता आपला चौकोन. तांग काळातल्या किस्स्यांच्या एका पुस्तकात याची गोष्ट येते. देश या जुन्या अक्षरात चौकोनाच्या आत जो भाग आहे त्याचा अर्थ होतो ‘कदाचित’, म्हणून त्याला गोंधळाचा, भ्रमाचा वास येतो. कुणीतरी अर्ज केला, बाईसाहेब, हे अशुभ आहे, त्यापेक्षा आत तुमचं आडनाव वू घाला, सगळं काबूत राहील. बाई खूश, लगेच हुकूम. महिनाभराने दुसऱ्या कुणाचा अर्ज आला, की चौकोनात माणूस हे अक्षर घातलं की होतो कैदी, मग चौकोनात वू म्हणजे काय हो? बाई दचकली, आडनाव घाईघाईने बाहेर, आणि आत आल्या आठ दिशा.

किस्सा खरा किती, मीठमसाला किती, ते सोडा, पण अक्षर शंभर टक्के खरं आहे. १९८२ साली हेनान प्रांतात सोंगशान डोंगरावर एका शेतकऱ्याला सोन्याची पातळ पट्टी सापडली, साधारण ३६ सेंटिमीटर लांब. इसवी सन ७०० मध्ये बाईच्या वतीने ती डोंगरावर अर्पण केली होती, कशासाठी, तर देवांनी तिच्या पापांची नोंद पुसावी म्हणून. त्यात तिने स्वतःची ओळख दिलीये, झोऊ देशाची स्वामिनी वू झाओ, आणि त्या एवढ्याशा ओळीत आठ दिशांचा देशही आहे आणि सूर्यचंद्राचं नावही.

पाचच वर्षांनी, ७०५ साली, दरबारात उठाव झाला. म्हाताऱ्या बाईला गादीवरून उतरवून एका राजवाड्यात नेऊन ठेवलं. किस्सा लिहिणारा इथे मुद्दाम आठवण करून देतो, बघा, शेवटी चौकोनात गेलीच! त्याच वर्षी ती वारली. तांग घराणं परत आलं, जुनी अक्षरं परत आली, हिची रद्द. आता संशोधकांना त्याचा उलट फायदाच होतो, जुन्या हस्तलिखितात ही अक्षरं दिसली की काळाचा अंदाज बांधता येतो.

पण आठ दिशा काही गेल्या नाहीत. जवळपास हजार वर्षांनी, समुद्रापलीकडे जपानमध्ये, मितोचा सरदार तोकुगावा मित्सुकुनी, शोगुन म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश असलेल्या इएयासूचा नातू, जन्म १६२८. त्याच्या नावातला कुनी आधी नेहमीच्याच अक्षराने लिहायचे, पुढे त्याने ते बदलून वू बाईचं अक्षर घेतलं. आणि हा माणूस साधासुधा नाही, याच्यावरची टीव्ही मालिका १९६९ ते २०११ चालली, म्हातारा वेष बदलून गावोगाव फिरतो आणि शेवटी शिक्का दाखवला की गुंड लोटांगण घालतात. क्योतोत होनकोकुजी नावाचं एक बौद्ध मंदिर आहे, त्याचं नावपण आधी साध्याच अक्षराने लिहायचे, मित्सुकुनीमुळे तिथेही अक्षर बदललं. आजही त्या मंदिराच्या नावात तोच चौकोन आहे, आठ दिशांसकट.